शिकण्याचा कारभार कोणाच्या हाती? वयानुसार बदलत जाणारे विद्यार्थीपण

पहिलीच्या वर्गात बसलेले मूल, पदवी परीक्षेची तयारी करणारा तरुण आणि निवृत्तीनंतर नवी भाषा शिकू लागलेली व्यक्ती, या तिघांनाही आपण विद्यार्थीच म्हणतो. त्यांच्या शिकण्यातला फरक सांगण्याची वेळ आली की सहसा स्मरणशक्तीपासून सुरुवात होते: लहानपणी मेंदू टीपकागदासारखा असतो आणि पुढे ती क्षमता ओसरत जाते, असे सांगितले जाते. हे अगदीच खोटे नाही, पण त्यातून फारसे काही कळतही नाही. त्यापेक्षा एक वेगळा प्रश्न अधिक उपयोगी आहे, तो म्हणजे शिकण्याचा कारभार कोण पाहतो. काय शिकायचे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ शिकायचे, चूक कोणी दाखवायची आणि आता आले, पुरे झाले, हे कोणी म्हणायचे, हे सगळे निर्णय कोणीतरी घेत असते. वय वाढते तसे हे निर्णय इतरांच्या हातून शिकणाऱ्याच्या हाती येत जातात. हे हस्तांतर सरळ रेषेत होत नाही, अनेकांच्या बाबतीत ते अर्धवटच राहते, आणि प्रौढपणी काही वेळा ते मुद्दाम उलट फिरवावे लागते.

अगदी सुरुवातीला हा कारभार कोणाच्याच हाती नसतो. तान्हे बाळ सतत शिकत असते, पण शिकायचे असे त्याने ठरवलेले नसते आणि त्याला कोणी शिकवायला बसलेलेही नसते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांच्यातील भेद ऐकवला होता. इंग्रजीत हा भेद नाही आणि इंग्रजीभाषक प्रौढांना तो ओळखणे फार अवघड जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ही क्षमता बरीच कमी झालेली आढळली. याला ऱ्हास म्हणणे बरोबर नाही, कारण भोवताली जी भाषा बोलली जाते तिच्यासाठी कान तयार करण्याचेच ते काम आहे. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी दाखवून दिले की आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांचा सलग, विराम नसलेला प्रवाह केवळ दोन मिनिटे ऐकवला, तरी कोणती अक्षरे नेहमी एकापाठोपाठ येतात हे ती टिपतात. अखंड बोलण्यातून एकेक शब्द वेगळा काढण्यासाठी हीच माहिती उपयोगी पडते. इतके गुंतागुंतीचे काम बाळ करते, आणि ते अभ्यासक्रमाशिवाय, परीक्षेशिवाय करते.

तीन ते सहा या वयात शिकणे मुख्यतः खेळातून आणि प्रश्नांतून चालते. या वयाची मुले काही बाबतींत प्रौढांपेक्षाही सरस ठरतात. क्रिस्टोफर लुकस, ॲलिसन गॉपनिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विशिष्ट ठोकळे ठेवले की सुरू होणारे एक यंत्र वापरले होते. यंत्र एका ठोकळ्याने सुरू होत नसून दोन ठोकळे एकत्र ठेवल्यावरच सुरू होते, असा काहीसा अनपेक्षित नियम चार-पाच वर्षांच्या मुलांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपेक्षा सहज स्वीकारला. प्रौढ मंडळी ‘एका परिणामाला एक कारण’ या जुन्या गृहीतकाला चिकटून राहिली. मुलांकडे गृहीतकेच कमी असल्यामुळे समोरच्या पुराव्याला त्यांच्याकडे जास्त वाव मिळाला.

मात्र याच मुलांना आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याचा अंदाज फारच कच्चा असतो. जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत लहान मुलांना, समोरच्या चित्रांपैकी किती तुझ्या लक्षात राहतील, असे विचारले तेव्हा पुष्कळ मुलांनी प्रत्यक्षात आठवली त्यापेक्षा बरीच मोठी संख्या सांगितली. माझ्या मते हा अतिआत्मविश्वास या वयात वरदानच आहे, कारण स्वतःच्या मर्यादा अचूक माहीत असलेल्या मुलाने बोलण्याचा किंवा पळण्याचा इतका प्रयत्न केलाच नसता. पण त्याचा अर्थ असा की चूक ओळखणे, दिशा बदलणे आणि थांबणे ही कामे दुसऱ्या कोणीतरी करावी लागतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी याच जागेवर बोट ठेवले. मूल एकट्याने काय करू शकते यापेक्षा थोड्या मदतीने ते काय करू शकते, हे पाहणे त्यांना महत्त्वाचे वाटले. चित्रकोडे जुळवताना शेजारी बसलेले मोठे माणूस विचारते, ‘सरळ कडा असलेला तुकडा कुठे आहे?’ पुढच्या वेळी मूल तोच प्रश्न स्वतःशीच मोठ्याने पुटपुटते आणि काही काळाने तो मनातल्या मनात विचारते. कारभाराच्या हस्तांतराचा पहिला टप्पा म्हणजे हाच बाहेरचा आवाज आत जाणे.

शाळेत पाऊल पडते तेव्हा शिकण्याचा स्वभावच बदलतो. बोलणे माणसाची मुले आपोआप शिकतात, वाचन मात्र तसे येत नाही. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत आणि एवढ्या अल्प काळात त्यासाठी मेंदूत वेगळा जन्मजात भाग तयार होणे शक्य नव्हते. स्तानिस्लास देआन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणीच वाचायला शिकलेल्या प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हा वाचन शिकल्यामुळे दृष्टीशी संबंधित विशिष्ट भागाचे काम बदलते, असे आढळले, आणि मोठेपणी शिकलेल्यांमध्येही हा बदल बराचसा दिसला. वस्तू आणि चेहरे ओळखणारी यंत्रणा अक्षरांच्या कामी लावावी लागते. असे काम पद्धतशीर शिकवणीशिवाय क्वचितच होते, म्हणून पूर्वी खेळ ठरवणारे मूल आता दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी, दुसऱ्याने ठरवलेली गोष्ट शिकू लागते.

याबरोबरच ते आणखी एक गोष्ट शिकते, जी कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसते, आणि ती म्हणजे विद्यार्थी कसे व्हायचे. आपल्याला उद्देशून नसलेले बोलणेही ऐकायचे असते, सुचलेले उत्तर हात वर करून रोखून धरायचे असते, आणि सर्वांत विचित्र बाब म्हणजे शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. घरी कोणी असे प्रश्न विचारत नसेल तर मुलाला हा प्रकार चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. शाळेच्या पहिल्या वर्षांत ‘हुशार’ ठरणाऱ्या मुलांपैकी काहींना विषयापेक्षा हा रिवाजच आधीपासून माहीत असतो, आणि तो माहीत नसलेल्या मुलाची बुद्धी नाहक कमी लेखली जाते.

आठ-नऊ वर्षांच्या आसपास आणखी एक वळण येते. तोवर मूल वाचायला शिकत असते, आता त्याने वाचून शिकावे अशी अपेक्षा सुरू होते. वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी हा फरक विस्ताराने मांडला. इथे अडखळणारी मुले बहुतेकदा अक्षरांवर अडखळत नाहीत, कारण ती मजकूर व्यवस्थित वाचून दाखवतात आणि तरीही अर्थ हाती लागत नाही. यामागचे एक मोठे कारण पूर्वज्ञान हे आहे. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्याच्याजवळ आधीच काही आहे त्याच्याकडे नवीन ज्ञान सहज येते, असा याचा अर्थ होतो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हीच वाढत जाणारी दरी वाचनाच्या संदर्भात दाखवली होती: चांगला वाचणारा जास्त वाचतो, त्यामुळे आणखी चांगला वाचू लागतो, आणि मागे पडलेला वाचन टाळत आणखी मागे पडतो.

किशोरवयात विद्यार्थ्यापुढे एकाच वेळी अनेक गोष्टी येऊन ठेपतात. एका शिक्षकाऐवजी विषयागणिक वेगळे शिक्षक येतात, गृहपाठाची मुदत लांबते आणि वर्गमित्रांचे मत फार महत्त्वाचे ठरते. बक्षिसाला आणि समवयस्कांच्या प्रतिसादाला भिडणाऱ्या मेंदूतील यंत्रणा या काळात तीव्र असतात, तर नियोजन आणि संयम यांच्याशी निगडित भागांची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. पौगंडावस्थेत झोपेची नैसर्गिक वेळही पुढे सरकते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारा विद्यार्थी आळशीच असतो, हे गृहीत धरणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात घ्यायला हवे.

पण या वयातली खरी अडचण मला वेगळीच वाटते. शिकण्याचा कारभार याच काळात विद्यार्थ्याच्या हाती सोपवला जातो, मात्र तो कसा चालवायचा हे त्याला क्वचितच शिकवले जाते. ‘अभ्यास कर’ असे सगळे सांगतात, अभ्यास म्हणजे नेमके काय करायचे हे फारसे कोणी सांगत नाही. मग विद्यार्थी जे सोपे आणि समाधान देणारे असते ते करतो: धडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि ओळींखाली रेघा मारतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला आणि दुसरा उतारा एकदा वाचून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्याचा ८१ टक्के आणि लिहून काढलेल्या उताऱ्याचा ७५ टक्के भाग आठवत होता. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत चित्र उलटे झाले: दोनदा वाचलेल्या उताऱ्याचा ४२ टक्के, तर लिहून काढलेल्या उताऱ्याचा ५६ टक्के भाग आठवला.

या आकड्यांतली मेख अशी आहे की पाच मिनिटांनंतरचा निकाल विद्यार्थ्याला रोज अनुभवाला येतो, आठवड्यानंतरचा मात्र परीक्षेच्या दिवशी कळतो. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा समज होतो. आठवून लिहिताना उलट होते, म्हणजे अडखळायला होते, आपल्याला काहीच येत नाही असे वाटते, आणि नेमक्या त्याच कष्टाने स्मृती पक्की होते. जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात रेघा मारणे आणि पुनर्वाचन कमी उपयोगाचे ठरले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणे सर्वाधिक उपयोगाचे ठरले. हे कळायला कोणतेही महागडे साधन लागत नाही, तरीही शाळा सोडेपर्यंत असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचत नाही.

महाविद्यालयात हीच गोष्ट वेगळ्या रूपात पुढे येते. हार्वर्ड विद्यापीठातील प्रारंभिक भौतिकशास्त्राच्या वर्गात लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी एकच मजकूर दोन प्रकारे शिकवून पाहिला: एकदा ओघवत्या व्याख्यानातून आणि एकदा विद्यार्थ्यांनाच गटात उदाहरणे सोडवायला लावून. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दुसऱ्या पद्धतीत विद्यार्थी अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. स्वतःच्या शिकण्याचे मोजमाप स्वतः करायचे असेल, तर ‘कसे वाटते’ हा निकष किती फसवा आहे, हे यातून दिसते.

या टप्प्यावर ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टीही पालटते. विल्यम पेरी यांनी हार्वर्डमधील पदवी विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखतींवरून १९७० मध्ये हा प्रवास मांडला. सुरुवातीला विद्यार्थी धरून चालतो की प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते आणि ते प्राध्यापकांकडे असते. मग तज्ज्ञांमध्येच मतभेद असल्याचे कळले की तो दुसऱ्या टोकाला जातो आणि सगळी मते सारखीच, असे म्हणू लागतो. त्यानंतर काही मते इतरांपेक्षा चांगल्या पुराव्यावर उभी असतात आणि पुरावा तोलून आपणच भूमिका घ्यायची असते, हे त्याला उमगते. सर्वजण शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतात असे नाही, आणि पदवी मिळणे हा त्याचा पुरावाही नाही.

औपचारिक शिक्षण संपले की कारभार पूर्णपणे शिकणाऱ्यावर येतो, आणि शाळेने गुपचूप काय काय सांभाळले होते ते तेव्हा लक्षात येते. वेळापत्रक, सोबती, मुदत आणि चुका दाखवणारे कोणीतरी, हे सारे एकदम नाहीसे होते. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ ते २०१८ या काळात एडएक्स या मंचावर चालवलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी जस्टिन रीक आणि होसे रुइपेरेस-वालिएंते यांनी तपासल्या, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ५२ टक्के लोक, अभ्यासक्रमात एकदाही शिरले नव्हते असे आढळले. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. मजकूर उत्तम होता आणि तो बहुतांशी विनामूल्यही होता, उणीव होती ती भोवतीच्या चौकटीची. म्हणून प्रौढाने नवीन काही शिकायचे ठरवले तर मजकूर निवडण्याइतकाच विचार ठरलेली वेळ, सोबतीला कोणी आणि चूक दाखवणारे कोणी यांचाही करायला हवा.

क्षमतेच्या बाबतीत मात्र प्रौढ स्वतःला विनाकारण कमी लेखतात. कॅथरीन स्नो आणि मारियन हुफनागल-ह्योले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास करून १९७८ मध्ये दाखवले की पहिल्या काही महिन्यांत किशोर आणि प्रौढ यांचीच प्रगती जलद होती, तर तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. दुसऱ्या बाजूला, जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या उत्तरांवरून असा निष्कर्ष काढला की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग घटते. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात. प्रौढ सुरुवात वेगाने करतो, कारण त्याला नियम समजतात आणि युक्त्या माहीत असतात. मूल उशिरा का होईना, अधिक दूर जाते. शिवाय मेंदूतील बदल बालपणापुरते मर्यादित नसतात. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात आणि त्याला साधारण तीन-चार वर्षे लागतात. कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी २०११ मध्ये दाखवले की हे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागाच्या मागील बाजूस वाढ झाली होती, आणि अनुत्तीर्ण झालेल्यांत तशी वाढ दिसली नाही.

प्रौढाला जड जाते ती दुसरीच गोष्ट, पुन्हा नवशिका होणे. स्लाव्हा काल्युगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार नवशिक्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे आणि पायरीपायरीचे मार्गदर्शन उपयोगी पडते, पण तेच मार्गदर्शन जाणकाराच्या आड येते. आता आपल्या क्षेत्रात वीस वर्षे काढलेल्या माणसाचा विचार करावा. त्याला स्वतः मार्ग काढण्याची सवय झालेली असते, म्हणून अगदी अनोळखी विषयातही तो मार्गदर्शन टाळून थेट प्रयोगाला लागतो आणि हताश होतो. मोठेपणी चांगला विद्यार्थी होणे म्हणजे बऱ्याचदा आपला कारभार काही काळ दुसऱ्याच्या हाती देता येणे, आणि हा दुसरा कदाचित वयाने आपल्यापेक्षा लहानही असतो. अनुभवी लोकांना हे बौद्धिक कारणांपेक्षा मानाच्या कारणांसाठी अवघड जाते, असे माझे निरीक्षण आहे.

उतारवयात विचारांची गती कमी होते आणि नावे आठवायला वेळ लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्या क्षमता एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. शब्दसंपत्ती तर साठीनंतरही वाढत राहू शकते. डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या लोकांनी तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधड्या शिवण्याचे नवे कौशल्य शिकले. नुसत्या गप्पागोष्टी आणि सहली करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांची घटना लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. इथे विद्यार्थीपणाचे प्रयोजनही पालटलेले असते, कारण गुण आणि नोकरी हे दोन्ही हिशेब मागे पडलेले असतात. केनियात २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि पुढच्याच वर्षी ८४ वर्षांच्या किमानी मारुगे यांनी पहिलीत नाव घातले. त्यांना बायबल स्वतः वाचायचे होते.

मारुगे यांच्या उदाहरणातली एक बाब सहज नजरेतून सुटते: त्यांची इच्छा जुनी होती, मार्ग मात्र शुल्क रद्द झाल्यावर खुला झाला. १९७२ मध्ये एडगर फोर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्कोच्या आयोगाने आजीवन शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यात समाजाची जबाबदारी ठळक होती. हल्ली हीच कल्पना ‘स्वतःची कौशल्ये स्वतः अद्ययावत ठेवा’ एवढ्यावर येऊन थांबते आणि वेळ, पैसा व नोकरीतली सवलत यांचा सारा भार एकेकट्या माणसावर पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्येच शिक्षणासाठी भरपगारी रजा देण्याविषयीचा १४० क्रमांकाचा करार संमत केला होता. संघटनेच्या बहुसंख्य सदस्य देशांनी तो अद्याप मान्य केलेला नाही, आणि तोवर नोकरी व घर सांभाळून शिकणाऱ्या प्रौढाला अभ्यासाचे तास झोपेतून किंवा सुटीतूनच काढावे लागतात.